कागदाचे आयुष्य लगद्यातच ठरते

कागदाचा तुकडा फाडून त्याची कड उजेडासमोर धरली, की बारीक लव दिसते. ही लव म्हणजे वनस्पतींमधल्या सेल्युलोजचे तंतू होत. हे तंतू पाण्यात मोकळे करायचे, जाळीवर त्यांचा पातळ थर धरायचा, पाणी निथळू द्यायचे आणि तो थर दाबून वाळवायचा, ही कागद बनवण्याची मूळ कृती आहे. चीनच्या दरबारातील त्साय लुन याने इ.स. १०५ मध्ये झाडांच्या साली, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून केलेला कागद सम्राटापुढे ठेवल्याची नोंद आहे. तेव्हापासून यंत्रे पार बदलली, पण तत्त्व तेच राहिले.

या कृतीत मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून खळ किंवा डिंक घालावाच लागत नाही. पाणी निघून जाताना तंतू एकमेकांजवळ ओढले जातात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना एकमेकांकडे ओढणारे दुवे, तयार होतात. लगदा जितका जास्त कुटावा तितके तंतू फुगतात, त्यांना बारीक फाटे फुटतात आणि वीण घट्ट होते. टिपकागदाचा लगदा अगदी कमी कुटलेला असतो, म्हणून तो शाई शोषतो. ट्रेसिंग पेपरसाठी मात्र तो इतका कुटतात की तंतूंमधली हवेची जागाच उरत नाही आणि कागद पारभासक होतो.

कच्च्या मालाचा प्रश्न खरा अवघड आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यामुळे चिंध्यांपासून केलेले जुने कागद शतकानुशतके टिकले. छपाई वाढली तशा चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ती काढली. लाकडात सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्के असते आणि तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन २० ते ३० टक्के. घासून केलेल्या लगद्यात हे लिग्निन तसेच राहते. वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते ते त्यामुळे. लिग्निन काढून टाकण्याच्या क्राफ्ट नावाच्या रासायनिक पद्धतीत लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, सुमारे १७० अंश सेल्सियसला, दाबाखाली शिजवतात. लिग्निन विरघळते, तंतू मजबूत राहतात, पण लाकडाच्या जेमतेम निम्म्या वजनाचा लगदा हाती येतो. उरलेले काळे द्रावण जाळून वाफ आणि वीज मिळवतात, रसायनेही बहुतांशी परत मिळतात.

पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतात, म्हणून पिशव्या आणि खोक्यांच्या कागदाला ते बळकटी देतात. निलगिरीचे तंतू १ मिलिमीटरच्याही आतले, पण त्यांच्यामुळे छपाईचा कागद एकसारखा आणि गुळगुळीत होतो. बांबू, उसाचे चिपाड आणि गवताचे काडही चालते, मात्र भाताच्या पेंढ्यातली सिलिका कारखान्यात फार त्रास देते. रद्दीही मोठा कच्चा माल आहे, परंतु प्रत्येक फेरीत तंतू आखूड आणि ताठर होत जातात, त्यामुळे त्यात अधूनमधून ताजा लगदा मिसळावाच लागतो.

जुनी पुस्तके ठिसूळ होण्याचा सगळा दोष लोक लिग्निनवर टाकतात, आणि ते मला अन्यायाचे वाटते. शाई पसरू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरण्याची रीत १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग याने प्रसिद्ध केली. ती स्वस्त आणि सोपी होती, म्हणून सर्वत्र पसरली. पण तुरटीतून येणारे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची असंख्य पुस्तके अशी झाली आहेत की पानाचा कोपरा दुमडला तर तुटून हातात येतो. इतका मजकूर केवळ एका स्वस्त पदार्थापायी नष्ट व्हावा, याचे मला फार वाईट वाटते.

आज पांढऱ्या छपाईच्या कागदात भराव म्हणून बहुधा कॅल्शियम कार्बोनेट घालतात, आणि तेच आम्लालाही मारते. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या आंतरराष्ट्रीय मानकात असा क्षारीय (आम्ल मारणारा) साठा किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका असावा, अशी अट आहे. जपून ठेवायचे काही लिहिणार असाल तर आम्लमुक्त कागदच घ्या, आणि त्याच्या पानांमध्ये वर्तमानपत्राची कात्रणे ठेवू नका, कारण आम्ल शेजारच्या पानात उतरते आणि कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग कायमचा राहतो.