तुम्ही विचारलंत म्हणून: रेशन फुकट असताना ही धान्याची पेढी कशाला?

सहकारी बँकेत मी 31 वर्षं कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर ‘बँक काढली’ म्हटलं तर जुन्या सहकाऱ्यांना पतसंस्था वाटली. धान्याची आहे म्हटल्यावर मग तो प्रश्न आला, जो पुढे लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे येत राहिला: “मॅडम, रेशन फुकट आहे की आता! शिवभोजन आहे, अक्कलकोटला अन्नछत्र आहे. सोलापुरात उपाशी कोण राहायलंय?”

रेशन फुकट आहे, खरंच आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयाच्या कार्डाला 35 किलो, आणि 2023 पासून त्याला पैसेही लागत नाहीत. नसतं तर आमच्यासारख्या शंभर पेढ्यांनीही काही झालं नसतं. पण एकदा परातीपाशी बसून हिशेब करा. किलोभर पिठाच्या दहा-अकरा भाकरी होतात. सगळं पीठच धरलं तरी 5 किलोच्या पन्नास-पंचावन्न. महिन्याच्या तीस दिवसांवर पसरल्या तर दिवसाला दोनसुद्धा नाहीत. मागावर दिवसभर उभा राहणारा गडी एका बैठकीला दोन खाऊन उठतो. तेल, डाळ, तिखट, गॅस हे वेगळंच.

आणि हे कार्ड चालू असलेल्यांचं झालं. शहरात वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत असेल तर प्राधान्य कुटुंब, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. सासू-सून विड्या वळतात, मुलगा पॉवरलूमवर जातो, एवढ्यात ती रेघ ओलांडली जाते. त्यांच्या हाती केशरी कार्ड येतं, धान्य येत नाही. जे रेघेच्या आत आहेत त्यांनाही कधी ऐकावं लागतं, “इष्टांक संपला.” हा शब्द मी नोकरीत कधी ऐकला नव्हता. इष्टांक म्हणजे ठरवून दिलेला आकडा, आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर घरात आलेल्या सुनेनं आणि जन्मलेल्या पोरानं कोणाचं तरी नाव कमी व्हायची वाट बघायची. मग अंगठा. चाळीस वर्षं तेंदूचं पान दाबून विडी वळली की बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. ओटीपीची सोय असते, पण नंबर मुलाचा आणि मुलगा भिवंडीला. आमच्या पेढीचं निम्मं काम धान्य वाटणं नसून अशा बायकांबरोबर तहसीलला आणि रेशन दुकानात जाऊन उभं राहणं आहे. हे सांगितलं की देणगीदारांचा चेहरा जरा पडतो.

तरी हे सगळं पूर्वीही होतं आणि लोक निभावत होते. कसे, ते मला पेढीवर येणाऱ्या एका अक्कांनी शिकवलं. त्यांचं घर तेलुगू, मराठी आमच्याहून ठसक्याची. त्या म्हणाल्या, “आधी उसनं मिळत होतं की. आता शेजारणीचाच डबा माझ्या आधी वाजतो.”

ह्या एका वाक्यावर मी बरेच दिवस घालवले. वाटीभर पीठ, मूठभर डाळ उसनी आणायची नि पगार झाला की परत करायची, ही आपली सगळ्यात जुनी बँक. पण ती चालते कधी? शेजारणीकडे आज आहे आणि माझ्याकडे उद्या येणार आहे, तेव्हा. अख्खी गल्ली एकाच धंद्यावर असली की गणित बिघडतं. विडी कारखाना चार दिवस बंद राहिला तर चाळीस घरांची मजुरी एकदमच थांबते. पान खराब आलं की दिलेल्या वजनात हजार विड्या भरत नाहीत, वरचं पान स्वतःच्या पैशानं आणायचं, आणि तेही सगळ्यांना त्याच आठवड्यात. मग उसनं मागायचं कोणाकडे? कॅशियरच्या भाषेत, सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला आले तर कुठलीही बँक बुडते. आम्ही फक्त एवढंच केलं की ही उसनवारी आणखी गल्ल्यांना जोडली. जुळे सोलापूरचे पेन्शनवाले, मार्केट यार्डातले आडते आणि हमाल, मंगळवेढ्याकडचे ज्वारीवाले. ज्यांच्याकडे पैसा वेगळ्या दिवशी येतो, असे शेजारी.

हे सुचायच्या आधी आम्ही हौशीनं बऱ्याच चुका केल्या. फूड बँकेची कल्पना अमेरिकेतली. 1967 मध्ये फिनिक्समध्ये पहिली निघाली, दुकानांत विकलं न गेलेलं अन्न गोळा करणारी. आम्ही तेच डोक्यात धरून लग्नांत उरलेलं जेवण आणायला लागलो. एप्रिल महिना, त्रेचाळीस अंश ऊन, कार्यालयातून निघालेली भाताची पातेली अशोक चौक ओलांडेपर्यंत आंबायची. एका रात्री शंभर माणसांचा भात-आमटी आम्ही चौघांनी खड्डा खणून पुरली. बाहेर मुलं ताटल्या घेऊन उभी होती. त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. शिजलेलं अन्न त्या दिवसापासून बंद. आणि विकलं न गेलेलं म्हणाल तर आमच्या गल्लीतला किराणावाला पाव किलोच्या पुड्या बांधतो, त्याच्याकडे उरतं काय?

दुसरी चूक पिशव्यांची. कोणीतरी पिवळ्याधमक छापील पिशव्या दिल्या, आम्ही खूश. महिनाभरात निम्म्या बायका यायच्या थांबल्या. पिवळी पिशवी दिसली की गल्लीला कळायचं कोणाच्या घरी काय आहे. आता ज्या पिशवीतून विड्या कारखान्यात जातात तीच घेऊन त्या येतात आणि तिच्यातूनच ज्वारी नेतात.

धान्य येतं कुठून, हा पुढचा प्रश्न असतो. भाषणात लोक दामाजीपंतांचं नाव घेतात. मंगळवेढा आमच्याच जिल्ह्यातलं, दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिल्याची कथा लहानपणापासून ऐकलेली. पण ते कोठार सरकारी होतं. त्याचा वारसा आज रेशन दुकानाकडे आहे, आमच्याकडे नाही. आम्ही उचलली ती कर्मवीर भाऊराव पाटलांची रीत. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणत. एक मूठ साधारण पन्नास ग्रॅम. रोजची धरली तर महिन्याला दीड किलो. चाळीस घरांची साठ किलो. दिसायला काहीच नाही, पण हे साठ किलो दर महिन्याला येतात.

याची किंमत कळायची तर आमची वही बघा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तेव्हा गोण्या ठेवायला जागा नसते. रमजान ईदेच्या आधी फित्र्याचं, म्हणजे ईदेच्या दानाचं, धान्य येतं. ज्वारीची सुगी उरकली की मंगळवेढ्याचे शेतकरी दोन-चार पोती टाकून जातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या आठवड्यात साखर येते, नको तेवढी. आणि जून? जूनचं पान जवळजवळ कोरं. शाळा सुरू होतात, दप्तर, गणवेश, फी, सगळ्यांचेच हात बांधलेले, देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचेही. नेमकी तेव्हाच दारात सगळ्यात जास्त माणसं. म्हणून जानेवारीचं सगळं जानेवारीत वाटून टाकायला मी आडवी येते. मंडळातली पोरं चिडतात, “मॅडम, गोदामात ठेवून पुण्य लागत नाही.” कडुनिंबाचा पाला घालून, ऊन देऊन, कीड सांभाळत ज्वारी जूनपर्यंत नेणं हे ह्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते तेच काम.

जागा एका कारखानदारांच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडची, भाडं नाही. हमाल रविवारी मजुरी न घेता पोती उतरवतात. गिरणीवाला गुरुवारी दळून देतो, पिठाची तूट मात्र कापतो, आणि ते मी लिहून ठेवते.

मागणी ज्वारीचीच जास्त. एके काळी गरिबाचं म्हणून नाक मुरडलेलं हे धान्य आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंगल्यांत गेलं आणि गव्हाहून महाग झालं, हा त्रास वेगळा. पण कडक भाकरीला तोड नाही. पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकते, गरम करायला गॅस लागत नाही, शेंगाचटणी असली की जेवण झालं. पेढीवर येणाऱ्याच सहा-सात जणी त्या थापतात, भाकरीमागे मजुरी घेतात. सिव्हिलमध्ये पेशंटबरोबर आलेल्या गावाकडच्या माणसांना आम्ही त्याच देतो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा दोन रात्री जागून ह्याच बायकांनी भाकरी थापल्या, आणि त्या दोन रात्रींची मजुरी घेतली नाही.

वहीत पहिल्यापासून ‘आवक’ आणि ‘वाटप’ असे दोनच रकाने होते. त्या अक्कांनी पहिल्यांदा चार किलो ज्वारी आणि अर्धा लिटर तेल नेलं तेव्हा मी ‘वाटप’मध्ये लिहायला लागले, तर त्यांनी हात धरला. “उसनं म्हणून लिहा की, बाई.” मी तिसरा रकाना आखला. आता बहुतेक जणी तिथेच लिहायला लावतात. परत किती येतं? बँकेत असते तर वसुलीवरून माझी बदली झाली असती. कोणी सहा महिन्यांनी दोन किलो आणतं, कोणी शेंगाचटणीचा डबा, कोणी नाहीच. अक्कांचे अजून दीड किलो राहिलेत. दर वेळी त्या वही उघडायला लावून आकडा बघतात.

आणि तुम्ही विचारणारच आहात म्हणून: गव्हाची गोणी नको, साखर तर नकोच. शेंगतेल आणा, तूरडाळ आणा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणा. पिशवी साधी असू द्या.