तीन बॉनेट, एकच इंजिन

मागच्या महिन्यात साताऱ्याला मावशीकडे सत्यनारायण होता. जेवणं आटोपल्यावर आम्ही सगळे नेहमीसारखे अंगणात गाड्यांपाशी. आमची स्विफ्ट, मामाची इंडिका व्हिस्टा, दादाची पुंटो, तिन्ही डिझेल. मामाचं सुरू झालं, तुमचं ते जपानी इंजिन नाजूक रे, आपली टाटा म्हणजे लोखंड! म्हटलं मामा, बॉनेट उघड जरा. वर नावं वेगळी, स्विफ्टचं डीडीआयएस, व्हिस्टाचं क्वाड्राजेट, पुंटोचं मल्टीजेट, पण खाली तेच १२४८ सीसीचं चार सिलिंडरवालं इटालियन इंजिन. मामाला पटेना, मग तिन्ही गाड्या एकदम चालू केल्या आणि तीच ती ट्रकट्रक ऐकून मावशी बाहेर आली की काय चाललंय.

फियाट आणि जनरल मोटर्सने मिळून हे बनवलं, २००३ ला पोलंडमधल्या फॅक्टरीतून बाहेर पडलं. आपल्याकडे स्विफ्टसाठी मानेसरला बनायचं आणि व्हिस्टा-पुंटोसाठी इथे रांजणगावला, म्हणजे मामाची टाटा इटालियन असली तरी पुणे जिल्ह्यातलीच.

आता एवढं छोटं डिझेल बनवणं का अवघड, तर चार सिलिंडर केले की एकेकाच्या वाट्याला जेमतेम ३१२ सीसी, चहाचा मोठा मग समजा. डिझेलला स्पार्क प्लग नाही, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा फवारा मारायचा, पण मगाएवढ्या जागेत उष्णता पटकन भिंतीत जाते आणि फवारा भिंतीला लागला की धूर. जुन्या डिझेलमध्ये सगळं एकदम ओतायचे म्हणून तो खडखडाट. फियाटवाल्यांनी आधी कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच पाइपातून जबर दाबाने डिझेल पुरवायच्या तंत्रावर, काम केलं (पुढे ते बॉशला दिलं, १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये पहिल्यांदा आलं) आणि मल्टीजेटमध्ये त्याच फवाऱ्याचे पाचपर्यंत तुकडे केले. आधी थेंबभर, तो पेटला की बाकीचं. दोन हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे मारत असताना, हा कार्यक्रम प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला सोळा-सतरा वेळा होतो, मला अजून हे खरं वाटत नाही.

आंधळं कौतुक मात्र करायचं नाही. दोन हजारच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो, खंबाटकीत ट्रकमागे तिसऱ्यात अडकलात की गाडी नुसती हुंदके देते, मुकाट्याने दुसरा टाका. आणि ऑइल. ह्याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) नाही, चेन आहे, लोक म्हणतात मेन्टेनन्स फ्री, कसलं काय! आमच्या एका गॅरेजवाल्याने भलत्याच ग्रेडचं ऑइल घातलं, वर सर्व्हिस लांबली, तर थंडीत सकाळी स्टार्ट करताना पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर, गाईड सगळं बदलावं लागलं, बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, गॅरेज मी सुचवलं होतं ना.

२०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. इतक्या लहान गाडीत तो खर्च घालून परवडणार नव्हतं, हे कळतं मला, तरी राग येतो.

मामा निघताना गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, रांजणगावचं म्हणालास ना, मग बरोबर आहे, आपलंच.