वऱ्हाड सापडत नव्हतं

आमची सुरुवात टायपिंगची. नागपूरच्या महालात बडकस चौकाजवळ एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. वकिलांचे दावे, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. अडलेले शब्द एका वहीत उतरवत गेलो. वहीची एक्सेल फाइल झाली, तिला मोल्सवर्थच्या कोशाची जोड दिली आणि आम्ही मराठी-इंग्रजी कोशाचं सॉफ्टवेअर विकू लागलो. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, त्यामुळे हक्कांची भानगड नव्हती. भानगड होती ती 'नांव', 'कांहीं' अशा जुन्या अनुस्वारांची. १९६२च्या लेखननियमांनी ते गेले, पण कोशात आहेतच. कोणी 'नाव' टाइप केलं तरी 'नांव' निघालं पाहिजे, एवढ्यावर आमचा अख्खा पावसाळा गेला.

सॉफ्टवेअर म्हणायला डेस्कटॉपचं. खरं तर खिडकीत बसवलेली वेबसाइटच होती ती. शब्द सगळे सर्व्हरवर. चूक दुरुस्त केली की सगळ्यांना लगेच दिसते, हे कारण आम्ही ग्राहकांना सांगायचो. न सांगितलेलं कारण असं, की शब्द एकदा लोकांच्या मशीनवर गेले की कोणीतरी पेनड्राइव्हवर उचलून नेणार, ही धास्ती.

मग एका मे महिन्यात भर दुपारी फोन आला. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाजवळ बसून कागदपत्रांची भाषांतरं करणाऱ्या एक ताई आमच्या अगदी पहिल्या ग्राहकांतल्या. "काऊन भाऊ, तुमची डिक्शनरी लाइनवर चालते का?" ट्रान्सफॉर्मर गेला होता. त्यांचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर सुरू होता, पण गल्लीतल्या नेटवाल्याच्या पेटीतच लाइन नव्हती. जुन्या खरेदीखतातले शब्द अडले होते आणि तीन वाजता कागद द्यायचा होता. मी मोबाइलवर अर्थ शोधून त्यांना फोनवर सांगत बसलो. चौथ्या फोनला माझी मलाच लाज वाटली. पैसे घेऊन कोश विकायचा आणि ऊन वाढलं की तो बंद!

घरी धास्तीचा विषय काढला. हिशेब बायकोच बघते. ती म्हणाली, "कोण चोरतंय तुमचे शब्द? आधी विकून दाखवा."

कोश मशीनवर उतरवणं सोपं निघालं. एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसची एक फाइल, सगळे अर्थ आणि उदाहरणं धरून दीडशे एमबीसुद्धा नाही. विंडोज सातच्या म्हाताऱ्या मशीनवरही शब्द पटकन उघडत होता. पहिली प्रत अर्थातच ताईंना दिली. दुसऱ्या दिवशी फोन: "भाऊ, याच्यात वऱ्हाड नाही."

मी म्हटलं, असं होणारच नाही. माझ्या मशीनवर वऱ्हाड दिसत होतं. त्यांच्याकडे जाऊन पाहिलं तर खरंच नाही. पऱ्हाटी नाही, कऱ्हाड नाही. दोन तास घालवल्यावर कळलं, की पडद्यावर सारखाच दिसणारा हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. त्यांचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, आमचा डेटा दुसरी. सर्व्हरवरचा डेटाबेस दोन्ही एकच मानायचा, म्हणून इतकी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. एसक्यूलाइट मात्र सांगितल्याशिवाय बाइटला बाइट लावून बघतं. नागपुरात बनलेल्या कोशात वऱ्हाड सापडू नये, याहून मोठी फजिती कोणती! आता शब्द साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा आधी एकाच रूपात आणतो.

दुसरा घोळ अर्थांच्या आत शोधताना निघाला. 'माती' टाकलं की 'मोती' आणि 'मिती'ही यायचे. आमच्या पोराला वाटलं व्हायरस आहे. कारण असं, की एसक्यूलाइटची मजकूर शोधायची सोय, एफटीएस५, मुळात अक्षरं आणि अंक एवढेच शब्दाचा भाग धरते. आपल्या काना-मात्रा तिच्या लेखी अक्षर नाहीतच, त्या जागी ती शब्द तोडते. माती, मोती, मिती, तिन्ही उरतात नुसते म आणि त. सेटिंगमध्ये मात्रांचे वर्ग धरायला सांगितले आणि पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधला. बदल एका ओळीचा, शोधायला आठवडा.

चोरीचं म्हणाल तर झाली. एका तालुक्याच्या गावात आमची एकच प्रत पाच दुकानांत चालताना मी स्वतः बघितली. आता लायसन्स नव्वद दिवसांतून एकदा नेटला लागून तपासलं जातं, एरवी कोश काही विचारत नाही. त्या पाचांपैकी दोघांनी पुढे पैसे भरून घेतले. बाकीच्या तिघांना मी चहाही पाजलेला नाही.

अपडेट आता फक्त बदललेल्या शब्दांचे छोटे तुकडे असतात. ज्यांना नेट नाही त्यांना पेनड्राइव्हवर देतो. भामरागडचे एक गुरुजी नागपूरला आले की पेनड्राइव्ह घेऊनच आमच्याकडे येतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि गाव तुटतं. नेटचं तर विचारूच नका. कोश वर्गात चालतो, तक्रारी मात्र रेंज आली की एकदम येऊन पडतात. परवा ओळीने सतरा मेसेज. पहिलाच: "सर, सांबार शब्दाला फक्त इडलीसोबतचा अर्थ दिला आहे. आपल्याकडचा सांबार कुठे गेला? पोरं हसली." आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तीच विसरलो होतो. पुढच्या तुकड्यात टाकतो आहे, 'भेदरं'सकट, म्हणजे आपला टोमॅटो.