आमची वाटचाल : चेहरा हातचा, काठ ठशाचा

बाबा पेंटर. अंजनगाव-दर्यापूरकडच्या किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आलं आणि कामच थांबलं. मी स्क्रीन प्रिंटिंग शिकलो, लग्नपत्रिका आणि पिशव्या छापू लागलो. घर चालत होतं, पण बाबांना नुसतं बसलेलं बघवत नव्हतं.

म्हणून खादीवर ठशांची नक्षी आणि मध्ये बाबांनी काढलेला चेहरा, असं करून पाहायचं ठरवलं. पहिलं काम शेजारच्या गावातल्या एका काकांचं, वारलेल्या आईचं चित्र. आम्ही आख्खं कापड वेलबुट्टीने छापलं आणि त्यावर चेहरा रंगवला. छपाईच्या रंगातलं बाइंडर वाळलं की कापडावर थर धरतं, वरचा पातळ रंग मुरतच नाही. गालांतून फुलं दिसायला लागली. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, माही माय अशी फुलाफुलाची नव्हती ना. थे काठाचं लुगडं नेसे."

पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांनी पेटीतून लुगडं काढलं. काठाला करवतीचे दाते. बटर पेपरवर ते उतरवून घेतले, गावच्या सुताराकडून सागाचा ठसा कोरून घेतला. एका जागी त्या माउलीने रफू केलं होतं, तिथे दाते वाकडे झाले होते. ठशातून ते येईना. तेवढे दाते बाबांनी ब्रशने काढले. काकांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.

तेव्हापासून रीत ठरली. कोरं कापड धुऊन कांजी काढायची, पेन्सिलने आखायचं, चेहऱ्यावर कागद कापून लावायचा, बाकीचं छापायचं, वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री, मग चेहरा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, रंग ठशावरच सुकतो. त्या दिवसांत बायको पहाटे पाचला छपाईला बसते. आणि नक्षी नेहमी त्या माणसाच्या घरातली. पुस्तकातली नक्षी आम्ही घेत नाही.

गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी, तेव्हा त्यांच्या चित्रांना मागणी असते. त्यांचा चेहरा, एका कानातली कवडी, दुसऱ्यातली बांगडीची काच बाबा हाताने काढतात. अंगावरच्या चिंध्यांसाठी मात्र आजवर कोरलेले सगळे ठसे वापरतो, कुणाच्या आईचा काठ, कुणाच्या आजीची चौकडी. खांद्यावरच्या ठिगळाला त्या काकांच्या मायच्या लुगड्याचे दाते आहेत. त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी दोन चित्रं नेली, एक घरी आणि एक गावच्या शाळेला.