बेदाण्याला सुरकुत्या पडतात तेव्हा

दादांचा गुडघा धरला आणि यंदाचं बेदाण्याचं शेड माझ्या गळ्यात आलं. बाग तासगाव तालुक्यात, माल थॉमसन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षांचा आणि मी फिजिक्स शिकलेला. मुकादम मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पुस्तकं घरी ठेवून या."

गोडी २२ ब्रिक्सवर गेली, म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर भरली, की तोड धरायची, हे इथं पोराटोरालाही ठाऊक. मी त्यावरच हिशेब मांडला. एवढ्या साखरेच्या रसाचा परासरण दाब साधारण ३० ॲटमॉस्फिअर भरतो. पाणी धरून ठेवायची पेशीची ताकद तेवढी. शेडमधली हवा ३५ अंश तापली आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर आली, तर त्या हवेची ओढ दीड हजाराच्याही वर जाते. एवढी विषम झुंज असून मणी वेलीवर टिकतो, कारण सालीवरचं मेण. पाण्याला खरं तेच अडवतं.

म्हणून डिपिंग. पोटॅशियम कार्बोनेट लिटरला २५ ग्रॅम, डिपिंग ऑइल १५ मिली, दोन-चार मिनिटं बुडवायचं आणि घड जाळीवर पसरायचे. साल फाटत नाही, फक्त मेणाच्या पापुद्र्यांतून पाण्याला वाट होते. गरम सोड्यात बुडवला तर साल चिरते, रस गळतो आणि माल चिकट होतो.

"मणी चोळू नका गं बायांनो!" मामा दिवसभर ओरडत असायचे. त्यांचं बरोबरच होतं. पेशीत फिनॉल नावाची द्रव्यं एका कप्प्यात आणि त्यांना काळं करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. दाबानं मधले पडदे फुटले की दोन्ही एकत्र येतात आणि मणी तपकिरी पडतो. सौद्यात हिरव्या मालाचा दर त्याला कोण देणार?

सुरकुत्यांचं मात्र मला कोडं होतं. ओळखीच्या कॉलेजातून मायक्रोस्कोप मागून आणला. आधी लाल कांद्याचा पापुद्रा साखरेच्या दाट पाण्यात ठेवून बघितला. जांभळा रंग आकसून मधे गोळा झाला, पेशीभिंती मात्र होत्या तशाच ताठ. मग अर्धवट वाळलेल्या मण्याचा सालीजवळचा पातळ काप ठेवला, तर भिंतीच दुमडून आत ओढलेल्या!

फरक इतकाच, की साखरेचं पाणी भिंतीतून झिरपतं आणि आकसलेल्या आतल्या पडद्यामागची रिकामी जागा भरून काढतं. हवेला ते जमत नाही. भिंतीची छिद्रं नॅनोमीटरमधली; तिथल्या पाण्याचा पृष्ठताण शेकडो ॲटमॉस्फिअरलाही हवा आत येऊ देत नाही. पाणी निघालं की भिंतीलाही त्याच्यामागे यावंच लागतं. बाहेरून दिसतात त्या सुरकुत्या याच्याच.

मामांनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे कांद्याला घर सोडून पळता येतं, द्राक्षाला घरासकट जावं लागतं, असंच ना?" मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

मधे आभाळ आलं. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की हवेची ओढ तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि खरंच माल जागचा हलेना. पंखे लावून वारा खेळता ठेवला. ऊन पडल्यावर गाडं रुळावर आलं.

शेवटची परीक्षा मुठीची: बेदाणे दाबून सोडले की चिकटून न राहता सुटे व्हायला हवेत. मीटरवर ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला. त्याआधीच मामांनी जाळी झाडायला घेतली होती.