वेलांटीची रिकामी खुर्ची

मजकूर लिहायच्या एका प्रोग्रामबद्दल, म्हणजे एडिटरबद्दल, मी टाकलेला पहिला बग रिपोर्ट (चूक कळवणारी नोंद) एका वाक्याचा होता: मराठी नीट दिसत नाही, कृपया बघा. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एडिटरची आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, फॉन्ट कोणता, प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) बंद करूनही असंच होतं का, काय केल्यावर होतं, आणि ‘नीट’ म्हणजे कसं दिसायला हवं होतं? गेले होते तक्रार करायला आणि मलाच पेपर सोडवायला बसवलं. थोडी चिडलेच. एडिटर फुकट मिळालेला आणि समोरचा माणूस नोकरी सांभाळून, बिनपगारी हे निस्तरतोय, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

दुखणं असं होतं. लांब ओळ खिडकीच्या कडेला पोचून खाली वळली की मधूनच एखादी ऱ्हस्व वेलांटी नव्या ओळीच्या सुरुवातीला एकटी येऊन बसायची, आणि तिच्यासोबत ठिपक्याठिपक्यांचं एक गोल. हे गोल मी टाइप केलेलं नसायचं. वेलांटीला धरायला अक्षर सापडलं नाही की अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा त्या जागी हे गोल काढते. अक्षर येईल तेव्हा बसेल, तोवर खुर्ची रिकामी.

पण हे कधी व्हायचं, कधी नाही. ‘कधीकधी होतं’ असं लिहिलेल्या रिपोर्टला कुणी हात लावत नाही, एवढं एव्हाना कळलं होतं. मग एक कोरी फाइल घेतली आणि तिच्यात ‘कि’ साठ वेळा लिहिलं, मध्ये एकही स्पेस नाही. खिडकी 40 रकान्यांची केली (एका रकान्यात एक चिन्ह), सगळं ठीक. 41 ची केली आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी वेलांटी हजर, गोलासकट. 42 ला पुन्हा गायब. सम असेल तर सुखरूप, विषम असेल तर अपघात! ‘कि’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण संगणकाकडे ती दोन चिन्हं असतात: आधी क, मागून वेलांटी. डोळ्यांना वेलांटी पुढे दिसते, साठवणीत ती मागे असते. एडिटर एकेक चिन्ह मोजत होता आणि विषम रकान्यावर नेमका दोघांच्या मधोमध सुरी चालवत होता. इतकी वर्षं वेलांटी आधी काढून मग क लिहिणाऱ्या मला हे एका बगमुळे कळलं.

बग या शब्दाची गोष्ट निघाली की 1947 सालचा तो पतंग येतोच: हार्वर्डच्या मार्क टू संगणकात सापडलेला, नोंदवहीत चिकटपट्टीने डकवलेला. शब्द त्याच्याही आधीचा. एडिसनने 1878 मध्ये एका पत्रात तो याच अर्थाने वापरला होता. मला त्या नोंदवहीतलं आवडतं ते वेगळंच. वेळ 15:45, पॅनेल एफ, रिले (विजेवर चालणारा स्विच) क्रमांक 70, रिलेमध्ये पतंग, आणि शेजारी खुद्द पतंग. कधी, कुठे, काय आणि पुरावा. माझ्या ‘मराठी नीट दिसत नाही’च्या शेजारी ही ओळ ठेवून बघा. ईमॅक्स या जुन्या एडिटरवाल्यांनी तर माणसावर भरवसाच ठेवलेला नाही. बग कळवायची आज्ञा दिली की तो आवृत्ती आणि यंत्राची माहिती पत्रात आपणहून भरतो.

माझ्या मेंटेनरला, म्हणजे एडिटर सांभाळणाऱ्या त्या बिनपगारी माणसाला, देवनागरी वाचता येत नव्हती. स्क्रीनशॉट पाहून त्याने विचारलं, ते गोल हे तुमच्या लिपीतलं अक्षर आहे का? हसू आलं. पण प्रश्न रास्त होता, मला तरी थाई लिपीत काय कुठे तुटलंय हे कुठे कळणार आहे! मी बाण काढून, आधी आणि नंतर अशी दोन चित्रं जोडून समजावलं. तीन आठवड्यांनी दुरुस्ती आली आणि गोल गेलं.

मग ‘क्ष’ तुटला. एका ओळीच्या शेवटी पाय मोडका क्, पुढच्या ओळीवर ष. मी हिरिरीने दुसरा इश्यू (तक्रारीची नोंद) टाकला. उत्तर आलं: हे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या प्रमाणाच्या, नियमाप्रमाणेच चाललंय. आणि ते खरं होतं. त्या वेळच्या मूळ नियमात वेलांटी क ला बांधलेली होती, जोडाक्षर मात्र बांधलेलं नव्हतं. जोडाक्षर बांधायचा नियम 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये आला. म्हणजे माझा बग एडिटरचा नव्हताच. एडिटर ज्या लायब्ररीवर (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) उभा आणि ती लायब्ररी ज्या नियमावर उभी, तिथे जाऊन तो पोचला.

नवी सोय सुचवणं हा निराळाच प्रकार. बगला निदान पुरावा असतो, सूचनेला फक्त हौस. माझी सूचना होती की फाइल पुन्हा उघडल्यावर कर्सर जिथे सोडला तिथेच सापडावा. मोठा शोध लावल्याच्या थाटात चार परिच्छेद लिहिले, वर ‘फार अवघड नसावं’ हेही जोडलं. (हे वाक्य कधीही लिहू नये. अवघड आहे की नाही, ते ज्याला कोड लिहायचंय त्याला ठरवू द्यावं.) दहा मिनिटांत कुणीतरी सेटिंगचं नाव कळवलं. सोय आधीपासूनच होती, मी सेटिंगचं पानच उघडलं नव्हतं. इश्यू बंद.

विम नावाच्या दुसऱ्या एका एडिटरमध्ये यावरचा एक तोडगा मला फार पटला होता. विमचे कर्ते ब्राम मोलेनार देणगीदारांना पुढची सोय कोणती हवी यावर मत देऊ देत, आणि देणगी जायची युगांडातल्या मुलांसाठी. माझ्या त्या चार परिच्छेदांसाठी मी खिशात हात घातला असता का? सेटिंगचं पान आधी नक्की उघडलं असतं.

लायब्ररी बदलून नवी आवृत्ती आली तेव्हा बदलांच्या यादीत आमच्या वाट्याला अर्धी ओळ होती, तीही ‘इतर दुरुस्त्या’मध्ये. साठ ‘कि’ची ती फाइल मी अजून पुसलेली नाही. खाली साठ ‘क्ष’ही लिहून ठेवलेत. अपडेट झालं की फाइल उघडते, माउसने खिडकीची कड पकडते आणि हळूहळू आत ढकलत नेते. 42, 41, 40, 39.