पाऊस चांगला झाला तर?

बँकेच्या प्रकल्प-कर्ज विभागात रस्ते आणि सौरऊर्जेच्या फायली रोजच्याच. समुद्राचं पाणी गोडं करण्याची फाईल क्वचित येते, म्हणून मी ती मागून घेतली. किनाऱ्यावरची पालिका, खासगी कंपनी, 25 वर्षांचा करार. सल्लागाराने पाण्याच्या मागणीचा तक्ता बहुधा दुसऱ्याच शहराच्या अहवालातून उचलला होता. आमच्या पोरांनी मात्र त्यावरून डीएससीआर, म्हणजे हप्ता फेडायला उत्पन्न किती पट पुरतं ते गुणोत्तर, दोन दशांश स्थळांपर्यंत काढून ठेवला.

माझं लक्ष विजेवर होतं. 60-70 बार दाबाने पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून ढकलायचं, म्हणजे हजार लिटरला साडेतीन ते चार युनिटं. आठ रुपये युनिट धरलं तर तीसेक रुपये नुसत्या विजेचे. दरवाढ कोणी सोसायची, यावर कलम घालायला मी कंपनीला भाग पाडलं. आत घेतलेल्या पाण्यातलं जेमतेम 40-45 टक्के गोडं होतं, हे तर समितीतल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं.

मग पालिकेचे अभियंता साहेब आले. पाणी घेवो न घेवो, क्षमता शुल्क दर महिन्याला द्यायचं, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, पाऊस चांगला झाला, धरण भरलं, तर समुद्राचं पाणी कशाला विकत घ्यायचं? सभागृहात मी काय सांगू?"

कंपनीचे लोक खाली बघायला लागले. मी मेलबर्नचं उदाहरण दिलं: दुष्काळात ठरवलेला वॉन्थॅगीचा प्रकल्प 2012 मध्ये तयार झाला, तोवर धरणं भरली होती, पाण्याची पहिली ऑर्डर गेली 2016 मध्ये. मधली वर्षं शुल्क चालूच. साहेब म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय."

माणूस खरं बोलला, आणि त्याच्या खरेपणामुळेच कर्जाची मंजुरी अडकली. चेन्नईत मिंजूरचा 100 एमएलडीचा (दिवसाला 10 कोटी लिटरचा) प्रकल्प खासगी पैशावर 2010 मध्ये उभा राहिला, नेम्मेलीचा तेवढाच 2013 मध्ये सरकारी पैशावर. कोरडी वर्षं आली की दोन्ही हवेसे वाटतात. ओल्या वर्षाचं बिल कोणाच्या नावावर, हा प्रश्न सरकारी पैशात पोटात जिरतो, खासगीत दर महिन्याला इनव्हॉइस होऊन समोर येतो.

टिपणीत जोखमीच्या रकान्यात मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'खरेदीदाराची जोखीम: मध्यम' केलं. मी घरपट्टीच्या वसुलीवर एसक्रो मागितला, म्हणजे ती वसुली आधी एका राखीव खात्यात जाऊन त्यातून शुल्क भागेल. पालिकेने नाही म्हटलं. कंपनी आता दुसऱ्या बँकेकडे गेल्याचं ऐकतो, मागणीचा तक्ता तोच.